सूतभर जागा

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका खिडकीला मिठी मारून उभा होता.

शेलूबाजारच्या फाट्यावर, एप्रिलमधल्या भर दुपारी. डांबर चपलेला चिकटत होतं, कुत्री टपऱ्यांच्या सावलीत आडवी पडली होती, आणि हा लेकाचा जुनी सागवानी खिडकी छातीशी धरून जीपवाल्याशी वाद घालत होता. खिडकी चौकटीसकट होती. एक पल्ला, म्हणजे एका बाजूची झडप, शाबूत, दुसऱ्या पल्ल्याच्या जागी नुसतं भोक, आणि त्या भोकातून त्याची मान बाहेर आलेली.

"अबे, माणसं बसवू का तुही खिडकी?" जीपवाला ओरडला.

"खिडकीचं तिकीट घे ना भाऊ. ती आत बसन, मी टपावर बसतो."

जीप निघून गेली. मी आमच्या दुकानाच्या दारात उभी होते. हसू आवरलं नाही, आणि माझं हसणं म्हणजे चार दुकानांपलीकडे ऐकू जाणारं. त्यानं वळून पाहिलं. रागावेल असं वाटलं होतं, पण तोही हसला... मग खिडकी उचलून सरळ आमच्याच दुकानाकडे आला.

आमचं दुकान ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं. माझे बाबा, जानराव, फ्रेम कापतात आणि जोडतात. गावोगावी जाऊन मापं घ्यायची, जुनी खिडकी काढायची आणि नवी बसवून द्यायची, हे काम माझं. स्कूटीच्या डिकीत टेप, पेन्सिल, पेचकस कायम. तर त्या दिवशी बाबांनी तयार झालेली एक मोठी फ्रेम बाहेर उन्हात टेकवून ठेवली होती. या पठ्ठ्यानं आपली खिडकी खाली ठेवली, कंबर सरळ केली आणि आधाराला म्हणून तळहात टेकवला तो नेमका त्या फ्रेमवर.

"अगा माय वं!"

मी धावत माठातलं पाणी आणलं. तो हात झटकत होता आणि मी त्याच्या तळहातावर पाणी ओतत होते. एवढ्या जवळून अनोळखी माणसाचा हात पाहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. रुंद, मातीच्या रेघा असलेला हात. ओतायचं होतं त्याहून मी जरा जास्तच पाणी ओतलं.

"काय लावता बाई तुमी लोकायच्या घराले? तवा?"

"तवा नाई, स्लायडिंग हाय. अन् उन्हातल्या फ्रेमले हात लावू नये, हे लहान पोट्ट्यालेही समजते."

"बरं. मंग आता याले लावून पाहा." त्यानं त्याच्या खिडकीकडे बोट केलं. "हे बी सकाळपासून उन्हातच हाय माह्यासंगं."

मी हात लावला. लाकूड कोमट होतं. नुसतं कोमट, कोणी बराच वेळ बसून उठलेल्या ओट्यासारखं. मी हात काढून घेतला आणि म्हटलं, "असन. पण वाळवी तं आमच्या फ्रेमले लागत नाई ना."

"हे मातर खरं," तो लगेच म्हणाला.

मला आश्चर्य वाटलं. आमच्याकडे येणारी माणसं चूक असली तरी मान्य करत नाहीत. हा पहिल्या फटक्यात मान्य करून मोकळा. त्याचं नाव किशन. कारंज्याच्या पुढचं धनज गाव. सोयाबीन आणि तुरीची शेती, शेतकी शाखेचं शिक्षण, आणि गावाच्या कडेला नवं घर बांधायचं चाललेलं. मंगरूळपीरला कोणाचं तरी जुनं घर पाडत होते आणि त्यातलं सगळं लाकूड वीटभट्टीत जाणार होतं. त्यातून त्यानं ही खिडकी उचलली होती.

"राहू देता का इथी? येत्या सोमवारी गाडी घिऊन येतो."

"ठिवा ना भाऊ," मी म्हटलं.

त्यानं खिडकी दाराआड टेकवली. मग म्हणाला, "भाऊ नका म्हणू बाई. किशन चालन."

सोमवारपर्यंत ती खिडकी आमच्या दुकानात राहिली. बाबा येताजाता तिला पाहून नाक मुरडायचे. "माहेरी आल्यावानी ऐटीत बसली हे," म्हणायचे. मी मात्र दुपारी फ्रेमला हात लावायची, मग खिडकीला हात लावायची. कोणी पाहत नाही असं बघून.

*

सोमवारी तो आला, खिडकी गाडीत चढवली आणि तरी निघायचं नाव घेईना. माठातलं पाणी दोनदा पिऊन झालं.

"एक इचारू?" मीच विषय काढला. "सारी दुनिया लाकूड फेकून राह्यली, अन् तुमी काहून गोळा करून राह्यले?"

"खरं सांगू का, आधी हौस म्हणून. आमच्याकडं मे महिन्यात घराची काय भट्टी होते, तुमाले मी काय सांगू. धातूची चौकट बाहेरचं ऊन आत आणते. मंग कूलर लाव, पंखा लाव, बिल भर. लाकूड ऊन बाहेरच थांबवते."

"अन् मंग?"

"मंग एका दिवशी वीटभट्टीवर सागवान जळताना पाह्यलं." त्याचा आवाज जरा खाली आला. "झाड आयुष्यभर हवेतला कार्बन ओढून पोटात साठवते ना, ते लाकूड जाळलं का सारा परत हवेत. अन् तेच लाकूड खिडकी म्हणून भिंतीत राह्यलं तं तो आतच राह्यतो. आजाच्या काळची खिडकी नातवाच्या काळातही तेच काम करत राह्यते. फुकटात."

"म्हणजे आमी पापी," मी म्हटलं. "जमीन खोदून, ढिगानं वीज जाळून ॲल्युमिनियम काढतात, अन् आमी ते इकतो."

"मी असं कोठी म्हटलं?"

"तुमी नाई, मी म्हणून राह्यली. पण आमचा माल भंगारात गेला का वितळून पुन्हा नवा होते, हे इसरू नका. अन् सारेच जण नवं सागवान मागाले लागले तं जंगल राहीन का?"

"म्हणून तं जुनं गोळा करतो," तो म्हणाला. "अन् जेवढं वापरीन त्याच्या दुप्पट वावराच्या धुऱ्यावर लावीन. माह्या नातवाले खिडक्या पायजे ना."

"लगन झालं का तुमचं?"

"नाई."

"अन् नातवाच्या खिडक्या!"

तो असा काही लाजला की मला स्वतःचीच लाज वाटली. एवढं मोठं, उन्हानं रापलेलं माणूस कानापर्यंत लाल होऊ शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. गाडी निघाली, फाट्यावर वळली, आणि वळताना त्यानं हात बाहेर काढून हलवला. भाजलेला हात. मी उगाच तिथं बराच वेळ उभी राहिले.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला काय म्हणावं, मला अजून ठरवता येत नाही. माझं कामच जुन्या खिडक्या काढायचं. आजवर त्या काढून मी अंगणात टाकायची आणि घरवाले चुलीत घालायचे. आता मी विचारू लागले, "हे कोणाले देता का?" लोक हसायचे आणि म्हणायचे, "ने बाई, तेवढीच जागा खाली होईन." मग मी फोटो काढून किशनला पाठवायची. मानोरा गावाजवळच्या एका घरातली आंब्याच्या लाकडाची बुटकी खिडकी, दुसऱ्या घरातली मोठी सागवानी, आत कोण्या पोरानं खिळ्यानं नाव कोरलेली. तो उत्तर पाठवायचा, "सुंदर." मी विचारायची, "कोण? खिडकी ना?" मग नुसतं, "हो... ते बी."

आमच्याच धंद्यातून मी त्याचं घर भरत होते. बाबांच्या हे लक्षात आलं तेव्हा ते डोक्याला हात लावून बसले. "पोरी, आपुन खिडक्या इकतो का वाटतो?"

"आपली इकलीच ना बाबा. जुनी वाटली फक्त."

*

मे महिन्यात त्याच्या घराच्या भिंती वर आल्या आणि जुन्या चौकटी त्यात बसल्या. चौकटी दणकट होत्या, पण पल्ले बहुतेक गेलेले. जुन्या वाशांमधून नवे पल्ले करायचं ठरलं. गावचे सुतारकाका करून देणार होते, पण प्रत्येक चौकट निराळ्या घरातली, एकीचं माप दुसरीला लागू नाही. किशनचा फोन आला, "माप घ्याले येशीन का?" त्यानं 'येशीन' म्हटलं, 'यान' नाही, म्हणजे मी आता 'तुमी'ची 'तू' झाले, हे मी फोन ठेवल्यावर पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिलं.

धनजला त्याच्या घरी मला पहिल्यांदा भेटल्या त्या गोजराबाई, त्याची आई. ठेंगणी, ताठ, डोक्यावर पदर, आणि नजर अशी की माणूस आपोआप पाय पुसून आत येतो.

"तू शेलूबाजारची? स्लायडिंगवाल्याची पोरगी?"

"हो काकू."

"मंग ह्याले समजव ना व माय. साऱ्या गावानं स्लायडिंग लावली. आमी लाकडाच्या खिडक्यायतच जनम काढला. पावसात फुगते, थंडीत खडखडते, तेल पाज, वाळवी पाह्य. आता नव्या घरातही तेच?"

"आई, आपली बोली झाली ना," किशन मागून म्हणाला.

बोली अशी होती. खिडक्या लाकडाच्या लावायच्या. पण पावसाळ्यात त्या नीट उघडल्या-मिटल्या नाहीत, तर श्रावण संपायच्या आत सगळ्या काढून स्लायडिंग बसवायची. गोजराबाईंनी हे मला दोनदा ऐकवलं, साक्षीदार म्हणून. मी मान डोलावली. आणि मान डोलावताना मला कळलं की या खिडक्या टिकाव्यात असं मला मनापासून वाटतंय. ॲल्युमिनियमवाल्याच्या पोरीला! मी त्या अर्धवट घरात उभी होते, छत नव्हतं, जमीन नव्हती, आणि मला तिथं राहायचं होतं. सरळ सांगायचं तर एवढंच होतं.

मापं घ्यायला टेपचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं मी. चौकटीच्या या बाजूला तो, त्या बाजूला मी.

"किती?" तो विचारायचा.

मी आकडा सांगायची. तो लिहायचा नाही, नुसता पाहत राहायचा.

"लिवा ना."

"लिवतो... पुन्हा सांग."

एका चौकटीपाशी त्यानं टोक सोडलं आणि टेप सर्रकन माझ्याकडे येऊन बोटाला चावली. तो चौकटीतून वाकून अलीकडे आला. "लागलं?" म्हणाला आणि माझं बोट धरलं. लागलं होतं, पण फार नाही. मी म्हटलं, "लय लागलं." त्यानं बोट सोडलं नाही. बाहेरून गोजराबाईंची हाक आली, "चहा झाला व!" तेव्हा कुठे सोडलं.

मापं मी अगदी काटेकोर घेतली. मला तीच सवय. आमच्या कामात केसाएवढा फरक पडला तर फ्रेम हलते आणि शिव्या मला पडतात. मी कागदावर एकेक पल्ल्याचं माप लिहून दिलं, चौकटीत चपखल बसेल असं. छत पडलं, मायलेक राहायला आले, पल्ले तयार झाले, बसले, आणि इतके सुबक बसले की किशननं मला फोटो पाठवला. आरपार सुई जाणार नाही अशी खिडकी. गोजराबाईंनीसुद्धा म्हणे एकदा उघडमीट करून पाहिली आणि नाव ठेवलं नाही.

एक गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. लाकूड पावसात फुगतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही, कोणाला माहीत नसतं? पण माझा हात धातूवर बसलेला. धातूच्या खिडकीचं माप घेताना पावसाळ्याचा विचार करावा लागत नाही. लाकडाला करावा लागतो. पल्ला आणि चौकट यांच्यामध्ये सूतभर जागा सोडावी लागते, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पेन्सिलीची जाड रेघ बसेल एवढीच. तेवढी मी सोडली नव्हती.

*

श्रावणात झड लागली. रात्रंदिवस नुसती झिरझिर. सूर्य दिसेना, कपडे वाळेनात, दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. एका सकाळी फोन वाजला, स्क्रीनवर किशनचं नाव. मी केस सारखे केले, जसं काही तो फोनमधून मला पाहणार होता.

"हॅलो..." मी जमेल तितक्या गोड आवाजात म्हटलं.

"गोजराबाई बोलून राह्यली." आवाज कोरडा. "खिडक्या अडकल्या. एक बी उघडत नाई. तुह्या मापानं केल्या होत्या ना? तुले हेच पायजे होतं ना बाई? आता ये, तुही स्लायडिंग लावून दे. झालं तुह्या मनासारखं."

फोन कट. त्यांना वाटत होतं की मी मुद्दाम केलं! खिडक्या अडकाव्यात आणि माझा माल खपावा म्हणून! सुरुवातीला रडू आलं आणि मग राग आला. मला रडण्यापेक्षा राग बरा जमतो. बाबांच्या पेटीतून रंधा काढला, पिशवीत गुंडाळला, रेनकोट चढवला आणि स्कूटी काढली.

"एवढ्या पान्यात कोठी चालली?" बाबा ओरडले.

"माह्या चुकीवर रंधा माराले!"

कारंज्यापर्यंत चिंब झाले, धनजला पोचेपर्यंत थंडीनं दात वाजायला लागले. गोजराबाई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टॉवेल फेकला आणि पुन्हा परातीकडे वळल्या. मी समोरच्या खोलीतल्या मोठ्या खिडकीपाशी गेले. तीच ती, फाट्यावरची. दोन्ही हातांनी ढकलली. हलेना. खांदा लावला. हलेना.

"थांब," बाहेरून आवाज आला. "मी ओढतो, तू ढकल."

किशन बाहेर पावसात उभा होता. वावरातून आला असावा. दोघांनी जोर लावला. पल्ला जेमतेम सरकला, बोट जाईल एवढी फट पडली आणि पुन्हा गच्च. त्या फटीतून त्याचा एक डोळा दिसत होता आणि गालावरून वाहणारं पाणी.

"माह्या मापात चूक झाली," मी फटीतून म्हटलं. "जागा सोडाची राह्यली. मी मुद्दाम नाई केलं. तुमच्या आईले वाटते का मी..."

"मले माईत हाय."

"काय माईत हाय?"

"जागा सुटली नाई, हे. तेव्हाच माईत होतं." पावसाचा आवाज मध्ये आला. "सुतारकाकानं पाह्यल्याबरोबर म्हटलं, पोरीनं सूत सोडलं नाई, कमी करू का? मी म्हटलं, नका करू. जसं लिवलं तसंच करा."

"काहून?"

"काम संपलं होतं ना. खिडक्या झाल्या का तू कायले येशीन धनजले?" एक डोळा खाली झुकला. "म्हटलं, पावसाळ्यात अडकतीन, बोलीपायी श्रावण सराच्या आत मोकळ्या करा लागतीन... मंग तू येशीन. रंधा घिऊन."

हात नकळत पिशवीवर गेला. रंधा होता. मला इतकं हसू आलं आणि तितकाच राग आला की दोन्ही एकदम तोंडातून बाहेर पडायला लागले.

"म्हणजे माह्यावर आळ आला, तुमच्या आईनं मले लबाड ठरवलं, अन् तुमी मले बोलवाले खिडक्या अडकवल्या? साधा फोन नव्हता का करता येत? ये म्हटलं असतं तं आली नसती का मी?"

"आली असती?"

"धावत आली असती!"

मग त्याचं बोट फटीतून आत आलं. भाजलेल्या हाताचं. मी ते धरलं. ओलं आणि गार होतं.

"आईनं तुले फोन केला हे मले माईत नव्हतं," तो हळूच म्हणाला. "माहा फोन घरी राह्यला होता. माईत असतं तं..."

"ते मले नका सांगू. आईले जाऊन सांगा. आत्ता. नाईतं मी चालली, अन् खिडकी राहीन अशीच."

"काय सांगू?"

"जे मले सांगतलं ते!"

बोट बाहेर गेलं. चिखलातून पावलांचा आवाज दारापर्यंत आला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिले. किशन पाणी निथळत आईसमोर उभा होता आणि त्याच्या पायाखाली डबकं होत होतं.

"आई, खिडक्या हिनं नाई बिघडवल्या. मी बिघडवल्या."

गोजराबाईंनी भाकर तव्यावर टाकली. "काहून?"

"ती पुन्हा यावी म्हणून."

भाकर फुगली. त्यांनी ती उलटली, पुन्हा उलटली, टोपलीत टाकली. माझं सगळं आयुष्य त्या भाकरीवर टांगलेलं होतं आणि त्या दुसरा गोळा मळायला लागल्या होत्या.

"एवढा शिकला," शेवटी त्या म्हणाल्या, "अन् पोरीले बोलवाले घरभर खिडक्या अडकवल्या. साधं तोंड नाई देल्लं तुले?" मग माझ्याकडे वळल्या. "तुले मी लबाड म्हटलं. चुकली मी. ये, चुलीजवळ बस, काकडून राह्यली."

मी बसले. थोडी ऊब आली तशी मी पिशवीतून रंधा काढला. "काकू, आताच मारते. संध्याकाळपर्यंत साऱ्या मोकळ्या होतीन. मंग स्लायडिंग नका लावू."

त्यांनी माझ्या हातातला रंधा काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

"काई समजत नाई तुमाले दोघायलेही. ओल्या लाकडाले रंधा मारला तं थंडीत ते आकसन, अन् बोट-बोट फटी पडतीन. जनम गेला माहा या खिडक्यायत. लाकूड वाळल्यावर माराचा असते रंधा." त्यांनी हातावरचं पीठ झटकलं. "तुळशीचं लगन होऊ दे. तवर पाऊस जाते, लाकूड वाळते. मंग ये रंधा घिऊन."

"हो काकू."

"एकटी नको येऊ. बापाले संगं आण. मले त्याइच्याशी बोलायचं हाय."

मी मान खाली घातली. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे कोणती बोलणी सुरू होतात, ते शेंबड्या पोरालाही कळतं. किशनला कळायला जरा वेळ लागला. त्याचे कान लाल झालेले दिसले तेव्हा मला समजलं की आता त्यालाही कळलं.

"अन् स्लायडिंग?" त्यानं कसंबसं विचारलं.

"अडकली खिडकी तेच बरं झालं," गोजराबाई म्हणाल्या. "झड आत येत नाई. गरम भाकर घ्या आता."

*

तुळशीचं लग्न झालं आणि बाबांना घेऊन मी धनजला गेले. कोवळी थंडी, तूर फुलावर आलेली, धुऱ्यावर गुडघ्याएवढी सागाची रोपं. प्रत्येक रोपाला काट्यांचं कुंपण होतं. बाबा घरात शिरले ते सवयीनं आधी खिडकीपाशी गेले. चौकट ठोकून पाहिली, लाकडाच्या रेषांवरून अंगठा फिरवला. मग खिशातली टेप काढली आणि पल्ल्याचं माप घेऊन काटेकोर आकडा पुटपुटले.

"त्यातून सूत कमी करा बाबा," मी म्हटलं. "पावसाळ्यासाठी."

"शिकली," गोजराबाई म्हणाल्या. आणि त्यांनी आणि बाबांनी आतल्या खोलीत चटईवर बसून जे बोलायचं ते बोलायला सुरुवात केली.

मी आणि किशन रंधा मारायला लागलो. लाकडाचे पातळ वळसे खाली पडत होते आणि जुन्या सागाचा वास खोलीभर पसरत होता. इतक्या वर्षांनंतरही त्यात वास शिल्लक होता. दुपारपर्यंत सगळ्या खिडक्या बोटानं ढकलल्या तरी उघडत होत्या. शेवटी राहिली फाट्यावरची. मी आत उभी, तो बाहेर. मी पल्ला ढकलला.

हलेना.

पुन्हा ढकलला. पाऊस नव्हता, ओल नव्हती, लाकूड खडखडीत वाळलेलं. मी फटीतून पाहिलं. त्यानं बाहेरून दोन्ही हातांनी पल्ला धरून ठेवला होता आणि अगदी गंभीर तोंड केलं होतं.

"अडकली व," तो म्हणाला.

आतल्या खोलीतून बाबांचं आणि गोजराबाईंचं हसणं ऐकू आलं. कशावर तरी त्यांचं जमलं होतं. मी हात काढून घेतले, रंधा खाली ठेवला आणि खिडकीच्या काठावर आरामात बसले.

"मंग मले इथीच राहा लागन," मी म्हटलं.